ओल्या रंगातला अंगठा

अद्वैतने चित्र भिंतीवर टांगलं, मागे सरकून मान तिरकी केली आणि म्हणाला, "बघ आई, एकदम नवं वाटतंय की नाही?" मी बघितलं.

वाटत होतं नवं. इतक्या वर्षांचा धूर, उदबत्त्यांची काजळी, फोडण्यांचा तेलकटपणा, सगळं निघून गेलं होतं. इंजिन खरोखर काळंभोर दिसत होतं, चाकांच्या दांड्या लखलखत होत्या, आणि धुरामागचं आभाळ निळं आहे हे मी विसरूनच गेले होते, ते पुन्हा दिसलं. साधी लाकडी चौकट जाऊन सोनेरी आली होती. आणि इंजिनाच्या नाकावर जी रुपेरी चांदणी आहे, तिच्या मधोमधचा लाल अंगठा गेला होता.

"अंगठा कुठाय?" मी विचारलं.

"कसला अंगठा?"

"चांदणीतला. आजीचा."

"अगं, तो तर डाग होता ना! स्टुडिओवाला म्हणाला, सर, एक जिद्दी दाग था, खुरचकर निकाल दिया, ऊपर से सिल्वर भर दिया. मी म्हटलं, बढिया. फक्त तेवढा चांदणीवरचा रंग अजून ओला आहे हं, हात नको लावूस."

मुलगा माझाच आहे, बेंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे, बापाच्या पंचाहत्तरीसाठी रजा काढून आला होता. त्याचा हेतू चांगला होता हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्याच्या एक सणसणीत कानाखाली द्यावी असं वाटलं. मग आठवलं की चित्र भिंतीवरून काढून त्याच्या हातात मीच दिलं होतं. वरवर पुसून आणतील, असं समजले होते मी.

हे चित्र ह्यांनी काढलेलं. ह्यांचं नाव मी आजवर फक्त उखाण्यात घेत आले, पण इथे "हे हे" करत बसले तर कुणाला काही कळायचं नाही, म्हणून सरळ हेमंत म्हणते. आम्ही भोपाळला सोनागिरीत राहतो. हेमंत शेजारच्या गोविंदपुऱ्यातल्या मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आणि रविवार आला की रंगांत हात माखून बसायचे. बाकीची चित्रं कुणाकुणाला देऊन टाकली. हे एक मात्र दिलं नाही, कारण ते अण्णांचं इंजिन होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, सदाशिव. रेल्वेत ड्रायव्हर होते. इटारसीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. वाफेचं डब्ल्यूपी इंजिन चालवायचे, ते टोकदार नाकाचं, नाकावर चांदणी असलेलं. त्यांची गाडी वेळेवर कधी यायची नाही. हेमंत लहानपणी संध्याकाळी पायरीवर बसून राहायचे आणि सासूबाई, इंदुमती, आतून हाक मारायच्या, "गाडी लेट आहे रे! चल, जेवून घे." अण्णा निवृत्त झाले तरी ते वाक्य घरातून गेलं नाही. कुणालाही उशीर झाला की आमच्याकडे गाडी लेट असते.

खंडेनवमीला लोक घरातली हत्यारं पुजतात. सासूबाई अण्णांचा पाना, तेलाची झारी आणि हातातला कंदील पाटावर मांडून पुजायच्या, आणि मग शेडमध्ये जाऊन इंजिनाच्या नाकावर स्वतःच्या हाताने कुंकू लावून यायच्या. अण्णांना सांभाळणारं ते इंजिन होतं, त्यामुळे त्याचा मान त्यांच्या लेखी जावयापेक्षा मोठा होता. मग अण्णा निवृत्त होऊन आमच्याकडे भोपाळला आले, आणि पाठोपाठ ते इंजिन भंगारात निघालं. कुणीतरी येऊन ही बातमी सांगितली आणि अण्णा जेवेनात. तेव्हा हेमंतनी हे चित्र काढायला घेतलं.

तैलरंग वाळायचं नाव घेत नाहीत आणि खंडेनवमी काही थांबत नाही. सासूबाईंनी चित्र उचललं, पाटावर पाना-झारीच्या मागे टेकवलं, अंगठा कुंकवात बुडवला आणि कुणी काही म्हणायच्या आत चांदणीवर दाबला. हेमंत ओरडले, "आई, ओलं आहे गं ते!" सासूबाई म्हणाल्या, "असू दे. पूजेला बसवलंय त्याला कोरडं ठेवतात का कुणी?" अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मी नवी नवरी होते, पदर तोंडाला लावून मीही हसून घेतलं. हेमंतनी तो अंगठा पुन्हा रंगवला नाही. कुंकू रंगात मुरलं, रंग वाळला, आणि खिडकीतून ऊन आलं की त्या अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसायच्या. पुढच्या खंडेनवमीला सासूबाई नव्हत्या.

आता हेमंतच्या आजाराचं सांगते. विसरण्याचा आजार. आधी चाव्या गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग गोविंदपुऱ्याहून घरी यायचा रस्ता, जो ते डोळे मिटून चालले असते. मागच्या वर्षी अद्वैत आला तेव्हा त्याला म्हणाले, "आपण कुठले?" अद्वैत न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ रडत होता. चित्र स्वच्छ केलं तर बाबांना काहीतरी आठवेल, ही कल्पना त्या रडण्यातूनच आलेली, हे मला माहीत आहे. म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

त्यांच्या आठवणीत मी मात्र राहिले होते. रोज सकाळी चहाच्या आधी मी हेमंतना चित्रासमोर उभं करायची. ते इंजिनावर बोट ठेवायचे. "हे अण्णांचं इंजिन." बोट चांदणीवर जायचं. "हा आईचा अंगठा." मग मागे वळायचे, माझ्याकडे बघायचे. "आणि तू कुसुम." क्रम हाच. एकदम "मी कोण?" असं विचारलं तर गडबडून जायचे, घाम फुटायचा. पण इंजिनापासून निघाले की माझ्यापर्यंत येऊन पोचायचे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "अच्छा है, रूटीन बनाए रखिए." त्यांचं ते रूटीन. मला त्या एका "कुसुम"वर अख्खा दिवस ढकलायचा असायचा. कपडे बदलताना मारलेले फटके, ताटातून फेकलेली पोळी, सगळं मी त्या एका हाकेवर सोसत होते.

चित्र स्टुडिओत गेलं तेव्हा रिकाम्या खिळ्याकडे बघून ते घाबरले होते. मी सांगितलं, इंजिन शेडमध्ये गेलंय, उद्या येईल. लगेच पटलं. ड्रायव्हरचा मुलगा, इंजिन शेडमध्ये जातं आणि परत येतं हे त्यांना अजून ठाऊक होतं.

परत आलं ते असं. रात्री ते झोपल्यावर आणलं म्हणून त्यांनी पाहिलं नव्हतं. सकाळ खंडेनवमीची होती. मी त्यांना नेहमीसारखं समोर उभं केलं. मनात म्हटलं, त्यांना कुठे एवढं कळतंय.

"हे अण्णांचं इंजिन," ते म्हणाले. बोट वर गेलं. "हा..."

बोट चांदणीभोवती फिरलं. एकदा, पुन्हा एकदा. मी म्हणाले, "आईंचा अंगठा. जरा पुसला गेलाय."

"नाही," ते म्हणाले. "हे आपलं नाही. कुणीतरी बदललं."

मग मागे वळले. मी वेड्यासारखी हसून उभी, वाट बघत.

"आणि तू..." ते म्हणाले. कपाळाला आठ्या पडल्या. मग दारात पाहुणे आल्यावर बघतात तसं माझ्याकडे अदबीने बघत म्हणाले, "बसा ना."

मी स्वयंपाकघरात गेले. पुरणाचं पातेलं आपटलं. अद्वैत मागोमाग आला आणि मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो झेंडूची फुलं आणायला बाहेर पडला. जाताना दार ओढून घ्यायला विसरला, की मीच त्याला धड जाऊ दिलं नाही, आता कुणाला दोष द्यायचा. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघते तर भिंतीवर नुसता खिळा. पलंगावरची चादर नाही. हेमंत नाहीत.

सोनागिरीच्या गल्ल्यांतून मी चपला न घालताच धावले. अद्वैत फुलं घेऊन परत आला तेव्हा मी नाक्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. पोलिसांना फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, "कपड़े किस रंग के पहने हैं?" आणि मला आठवेना. सकाळी मीच बटणं लावली होती. ज्यांना काही आठवत नाही त्यांना शोधायला निघाले आणि मलाच त्यांच्या शर्टाचा रंग आठवेना.

"कारखाना," अद्वैत म्हणाला. "बाबा तिथेच गेले असतील. आदत है उनकी."

कार काढून गेलो. जागोजागी दुर्गेच्या झांक्यांचे, म्हणजे देखाव्यांचे मांडव, रस्ते अडलेले, कारखान्यांच्या फाटकांना केळीचे खांब, ट्रकांना हार. गोविंदपुऱ्यात सगळीकडे यंत्रांच्या पूजा चाललेल्या. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, इधर कोई नहीं आया. मी त्याला पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो अद्वैतकडे बघायला लागला.

मग शेजारच्या रत्नप्रभावहिनींचा फोन आला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हेमंतना ऑटोत बसताना पाहिलं होतं. "हातात चादरीत गुंडाळलेला मोठा फोटो होता म्हणे. हबीबगंज, हबीबगंज म्हणत होते."

हबीबगंज म्हणजे आताचं राणी कमलापती स्टेशन. नाव बदललं, इमारत बदलली, सगळी काच आणि चकचकीत फरशी. हेमंतना तिथे नेलेलंच नव्हतं. ते ज्या हबीबगंजला निघाले होते ते आता राहिलेलंच नव्हतं, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की ते प्लॅटफॉर्मवर उतरतील, रूळ दिसले की खाली उतरतील, इंजिन शोधत चालायला लागतील. मी अद्वैतच्या दंडाला इतकं घट्ट धरून बसले होते की तो म्हणाला, "आई, स्टीअरिंग फिरवू दे." देवा, एवढ्या वेळेला सांभाळ, एवढं एकच म्हणत होते. बाकी काही सुचत नव्हतं.

ते रुळांपर्यंत गेले नव्हते. स्टेशनबाहेर, ऑटो उभ्या राहतात तिथे गर्दी दिसली आणि गर्दीच्या मधोमध सोनेरी चौकट. चित्र खांबाला टेकवलेलं होतं. हेमंत प्रत्येकाचा हात धरून सांगत होते, "ये हमारा नहीं है, भैया. बदल गया है. ये आप रख लीजिए, हमारा वाला दे दीजिए." एक पोरगा चित्राशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढत होता. दुसरा विचारत होता, "दादाजी, कितने में दोगे?"

"अहो!" मी गर्दीत शिरले.

त्यांनी वळून बघितलं. मी हात धरला तर झटकला. "इंजिन मिळाल्याशिवाय मी येणार नाही. अण्णा ओरडतील मला." आणि ते रडायला लागले. पंचाहत्तरीचा माणूस, चारचौघांत, ओठ वेडावाकडा करून.

स्टेशनवरचा पोलीस जवळ आला. "आप कौन हैं इनकी?"

"पत्नी."

त्याने हेमंतना विचारलं, "दादा, ये कौन हैं आपकी?"

हेमंतनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, कुसुम म्हणा, एकदा म्हणा. ते खांबाला धरून नुसते बघत राहिले. पोलिसाची नजर बदलली. अद्वैतने खिशातून कार्डं काढली, मोबाइलवरचे फोटो दाखवले, त्यात चित्राचा जुना फोटोही होता. तो त्याने बापापुढे धरला. "बाबा, हे बघा ना, हा बघा आजीचा अंगठा." हेमंतनी त्या काचेवर बोट फिरवलं, चित्र सरकून दुसरंच काही आलं, आणि त्यांनी मोबाइल दूर लोटला.

पोलिसाचं समाधान झालं. पण हेमंत खांब सोडेनात. अद्वैतने कमरेला धरून ओढलं तर किंचाळले. लोक म्हणायला लागले, अरे ज़बरदस्ती मत करो. मला वाटलं, इथेच खाली बसावं आणि गळा काढावा. घर एवढंसं दूर आहे, पुरण शिजून पडलंय, आणि मी माझ्या माणसाला घरी नेऊ शकत नाही, कारण मी कोण हे त्याला माहीत नाही. आणि माहीत होण्याचा रस्ता कुणीतरी खरवडून काढून वर चांदी भरली आहे.

शेजारी एक ऑटो उभी होती. नुकतीच पुजलेली. झेंडूचा हार, फोडलेल्या नारळाचं पाणी खाली ओघळलेलं, आणि काचेखाली तेलात कालवलेल्या कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक, अजून ओलं. मी पुढे झाले आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"अम्मा!" ऑटोवाला ओरडला. "अभी-अभी पूजा की है!"

"तो पुण्य मिलेगा. चुप रहो."

"आई, नको," अद्वैत म्हणाला. "तो रंग अजून..." आणि त्याचा त्यालाच अर्थ कळून तो बाजूला सरकला.

मी चित्रासमोर खाली बसले. सासूबाई, म्हटलं, तुमचं इंजिन तुम्हाला लखलाभ, मला त्यातलं काही नको. मला फक्त "आणि तू कुसुम" हवंय. आयुष्यात देवाकडे मागितलं नाही असं नाही, पण इतकं हावरटासारखं कधी मागितलं नव्हतं. आणि मी चांदणीच्या मधोमध अंगठा दाबला. रंग अजून ओला होता. अंगठा आत रुतला. उचलला तेव्हा लाल ठसा उमटला होता, रेषांसकट.

"अहो," मी म्हणाले, "हे बघा. आलं शेडमधून."

हेमंतनी खांब सोडला. नाक पुसत जवळ आले. त्यांनी बोट पुढे केलं.

"हे अण्णांचं इंजिन."

"हो," मी म्हणाले.

बोट वर गेलं, अंगठ्यावर टेकलं. बोटाला लाल लागलं. ते हसले. "हा आईचा अंगठा!"

"हो. हो."

आता ते मागे वळणार होते. मी उठून उभी राहिले. डोक्यावरून हात फिरवून केस सारखे केले, काय कारण होतं देव जाणे. ते वळले. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली, माझ्या हाताकडे. माझा लाल झालेला अंगठा त्यांनी आपल्या मुठीत घेतला आणि त्यांचा चेहरा असा सुटला, इतका निवांत झाला, की आमच्या सगळ्या संसारात मी तसा कधी पाहिला नव्हता.

"आई," ते म्हणाले, "अण्णा अजून कसे नाही आले?"

"बाबा, अहो ही..." अद्वैत पुढे आला. मी हाताने त्याला थांबवलं.

"अहो, मी कुसुम" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. म्हटले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित आले असते माझ्यापर्यंत. कदाचित पुन्हा खांबाला जाऊन चिकटले असते. माझा अंगठा त्यांच्या मुठीत होता आणि ते माझ्याकडे भरवशाने बघत होते. मला एवढंच दिसत होतं की आता ते घरी येतील.

"गाडी लेट आहे रे," मी म्हणाले. "चल, जेवून घे."

लग्न झाल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. त्यांनी मान हलवली. अद्वैतने चित्र उचललं, चांदणीला हात लागू नये म्हणून अंगापासून दूर धरलं, आणि आमच्या पुढे चालायला लागला. हेमंत माझं बोट धरून मागोमाग आले.